थॉमस ग्रॅहम, लॉर्ड लिनडॉक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडचा एक सुखवस्तू जमीनदार पंचेचाळिशीला येईपर्यंत शेती, शिकार आणि प्रवास यांत रमला होता. पुढची वीस वर्षं तो नेपोलियनच्या सेनापतींशी लढला आणि ब्रिटिश सैन्याचा नामांकित जनरल झाला. त्याच्यावर जे काही लिहिलं जातं ते बहुतेक त्याच्या पत्नीच्या मृत्यूपाशी सुरू होतं आणि तिथेच घुटमळतं. ती हकीकत खरी आहे, खाली सविस्तर दिलीही आहे. पण तेवढ्यावर हा माणूस कळत नाही.

हा लॉर्ड लिनडॉक नेमका कोण?

मूळ नाव थॉमस ग्रॅहम. जन्म १९ ऑक्टोबर १७४८, मृत्यू १८ डिसेंबर १८४३. पंचाण्णव वर्षांचं आयुष्य, तेही देवी आणि हिवतापाच्या काळातलं. स्कॉटलंडच्या पर्थशर परगण्यातल्या बालगोवन या जहागिरीचा तो धनी. १८१४ मध्ये सरकारने 'बॅरन लिनडॉक' हा किताब दिला, तोवर तो नुसता मिस्टर ग्रॅहम आणि पुढे सर थॉमस होता. म्हणून जुन्या लढायांच्या वर्णनांत 'ग्रॅहम' आणि नंतरच्या पत्रव्यवहारात 'लिनडॉक' असं दिसतं. माणूस एकच.

तो जन्माने उमराव होता का?

किताबाच्या अर्थाने नाही, पण गोतावळा सगळा उमरावांचाच. आई लेडी क्रिश्चन होप ही होपटनच्या पहिल्या अर्लची मुलगी. भावंडांत हाच एक जगला वाचला, त्यामुळे विशीच्या आत सगळी जमीन एकट्याच्या नावावर आली. घरी शिकवायला काही काळ जेम्स मॅक्फर्सन होता. प्राचीन गेलिक काव्य सापडल्याचं सांगून ज्याने अख्ख्या युरोपात वाद पेटवला, तोच हा मॅक्फर्सन. पुढे ऑक्सफर्डचं ख्राइस्ट चर्च कॉलेज आणि मग श्रीमंत घरातल्या पोरांचा ठरलेला युरोपचा लांबलचक दौरा. त्या दौऱ्यात भाषा मात्र पक्क्या झाल्या. फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश येणारा ब्रिटिश अधिकारी त्या काळी दुर्मीळ होता, आणि लष्करात त्याला पहिली मोठी जबाबदारी मिळाली त्यात या भाषांचा वाटा बराच असावा.

जमीनदार म्हणून तो काय करायचा? की फक्त खंड गोळा करायचा?

बरंच काही करायचा, आणि हौसेने. पर्थ शहरापासून काही मैलांवर आमंड नदीच्या खोऱ्यात त्याने लिनडॉक ही छोटीशी जमीन विकत घेतली. तिथे झाडं लावली, उतारांवर वाटा काढल्या. बालगोवनच्या शेतांना कुंपणं घातली, कुळांसाठी नवी घरं बांधली. सलगम आणि बटाटा ही तोवर परसातली पिकं, ती त्याने मोठ्या वावरात घेतली. इंग्लंडहून क्लीव्हलंड जातीचे घोडे आणि डेव्हनची गुरं आणली, स्थानिक मेंढ्यांची जात सुधारली.

इतिहासाच्या पुस्तकांत याला 'सुधारक जमीनदारी' म्हणतात. शब्द गोड आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडभर हेच चाललं होतं. शेतांना कुंपणं पडली, उत्पन्न वाढलं, जमिनीचं मोल वाढलं आणि लहान कुळांना पूर्वीसारखी जागा उरली नाही. ग्रॅहमने कुणाला हुसकावून लावल्याच्या गोष्टी प्रसिद्ध नाहीत, उलट भला मालक म्हणून त्याचं नाव होतं. तरी पुढे त्याने जी पलटण उभी केली ती याच जमिनीच्या जोरावर, हे ध्यानात ठेवावं.

तो क्रिकेट खेळायचा हे खरं आहे का?

खरं आहे. स्कॉटलंडमधल्या ज्या पहिल्या क्रिकेट सामन्याची नोंद मिळते तो १७८५ मध्ये अलोआजवळच्या शॉ पार्क इथे झाला. ती जागा कॅथकार्टांची, म्हणजे ग्रॅहमच्या सासुरवाडीची. त्या सामन्यात तो खेळला होता.

मेरी कोण होती? आणि ते चित्र?

मेरी कॅथकार्ट ही नवव्या लॉर्ड कॅथकार्टची मुलगी. वडील रशियात ब्रिटनचे राजदूत होते, त्यामुळे तिच्या लहानपणाचा काही काळ सेंट पीटर्सबर्गमध्ये गेला. २६ डिसेंबर १७७४ ला तिचं ग्रॅहमशी लग्न झालं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच दिवशी तिची बहीण जेन हिचं लग्न अथॉलच्या ड्यूकशी लागलं. एक जावई ड्यूक आणि दुसरा साधा मिस्टर. लोकांची कुजबुज होणारच. सासऱ्यांनी त्यावर म्हटल्याचं सांगतात की जेनने देशातला एक उमराव केला आणि मेरीने आपल्या मनातला माणूस, जो राजपुत्रांत शोभेल असा आहे.

थॉमस गेन्झबरोने तिचं पूर्णाकृती चित्र काढलं. १७७७ मध्ये ते लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं आणि गाजलं. खांबाला टेकून उभी, शुभ्र आणि गडद गुलाबी रेशमी पोशाख, हातात पीस, डोक्यावर पिसांचीच टोपी, आणि नजर चित्राबाहेर कुठेतरी. त्याच चित्रकाराने तिला दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या मोलकरणीच्या वेशातही रंगवायला घेतलं होतं, ते अपुरं राहिलं. मला स्वतःला ते अपुरं चित्र जास्त आवडतं. मोठ्या चित्रात पोशाखाचं कौतुक फार आहे.

शवपेटी फोडल्याची हकीकत काय आहे?

मेरीला क्षयाचा त्रास होता. उबदार हवेसाठी नवरा-बायको दक्षिणेकडे जात. २६ जून १७९२ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, इयेर गावासमोर, ती जहाजावरच गेली. वय पस्तीस.

मृतदेह स्कॉटलंडला न्यायचं ग्रॅहमने ठरवलं. एक बोट भाड्याने घेऊन तो कालव्याच्या मार्गाने तूलूझच्या दिशेने निघाला. फ्रेंच राज्यक्रांतीला तीन वर्षं झाली होती. तारीख १४ जुलै, बास्तीय तुरुंगाच्या पाडावाचा वर्धापनदिन, म्हणजे गावोगावी पिऊन तर्र झालेले स्वयंसैनिक. तूलूझजवळ त्यांनी बोट अडवली. पेटीत काहीतरी चोरून नेलं जातंय असं म्हणत त्यांनी नवऱ्यादेखत शवपेटी फोडली. ग्रॅहम एकटा होता आणि समोर जमाव. तो काहीच करू शकला नाही.

पुढे बोर्दोमार्गे तो मायदेशी पोचला. पर्थजवळच्या मेथवेन गावच्या चर्चच्या आवारात त्याने मेरीसाठी छोटी देवळासारखी समाधी बांधून घेतली. गेन्झबरोचं चित्र डोळ्यांआड केलं आणि पुन्हा लग्न केलं नाही.

मग केवळ सूडापोटी तो लष्करात गेला का?

गोष्ट सांगायला असं सोपं पडतं. क्रांतीविषयी त्याला आधी सहानुभूती होती, तो ब्रिटनमधल्या उदारमतवादी व्हिग पक्षाच्या विचारांचा. तूलूझनंतर ती पार आटली यात शंका नाही. पण पत्नी गेल्यावर तो थेट रणांगणात उतरला नाही. मन रमवायला प्रवासाला निघाला होता, जिब्राल्टरमार्गे इटलीला जायचा बेत होता. वाटेत ब्रिटिश आरमाराची गाठ पडली आणि १७९३ च्या शरदात तो तूलाँ बंदरात पोचला. तूलाँ तेव्हा ब्रिटिश आणि त्यांच्या मित्रांच्या ताब्यात होतं आणि क्रांतिकारी फ्रेंच फौजेने त्याला वेढा घातला होता. तिथे ब्रिटिश अधिकारी लॉर्ड मलग्रेव्हचा बिनपगारी एडीसी, म्हणजे खास मदतनीस, म्हणून रुजू झाला. एका चढाईत शेजारचा शिपाई पडला, तर त्याचीच बंदूक उचलून हा रांगेत सामील झाला म्हणे.

याच तूलाँच्या वेढ्यात समोरच्या बाजूला चोवीस वर्षांचा एक तोफखाना अधिकारी नाव कमावत होता. त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट.

दुःख होतंच. पण पन्नाशीकडे झुकलेल्या, मूलबाळ नसलेल्या, घोड्यावर मांड पक्की असलेल्या श्रीमंत माणसाला अचानक एक काम सापडलं आणि ते आपल्याला जमतं असंही कळलं, हा भाग लोक विसरतात. सूड वर्षा-दोन वर्षांत विझतो. हा माणूस वयाच्या पासष्टीपर्यंत लढत राहिला.

लष्करी शिक्षण नसताना त्याला पलटण कशी मिळाली?

मिळाली नाही, त्याने उभी केली. त्या काळी ज्याच्याकडे जमीन, पैसा आणि वजन होतं तो सरकारची परवानगी काढून माणसं भरती करू शकत असे. फेब्रुवारी १७९४ मध्ये ग्रॅहमने ९० वी पलटण उभारली, नाव पर्थशर व्हॉलंटियर्स. करड्या विजारींमुळे गावाकडचे लोक त्यांना 'ग्रे ब्रीक्स' म्हणत. रोलंड हिल हा पुढे ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा उजवा हात ठरलेला अधिकारी याच पलटणीत वर आला. त्याच वर्षी ग्रॅहम पर्थशरमधून पार्लमेंटवरही निवडून गेला आणि १८०७ पर्यंत तिथे होता. खासदार आणि पलटणीचा कर्नल एकाच वेळी. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

मॅन्टुआतून निसटल्याची कथा खरी की तिखटमीठ?

मुळात खरी. १७९६ मध्ये ब्रिटनने त्याला इटलीत ऑस्ट्रियन सैन्याकडे लष्करी प्रतिनिधी म्हणून पाठवलं. नेपोलियनने ऑस्ट्रियन सेनापती वुर्मझरला मॅन्टुआच्या किल्ल्यात कोंडलं, त्यात ग्रॅहमही अडकला. रसद संपत आली होती. किल्ल्याची अवस्था बाहेरच्या सेनापतीला, अल्विन्झीला, कळवायला हवी होती. डिसेंबरच्या शेवटी, पाऊस आणि बर्फाचा चिखल पडत असताना, अंगावर झगा लपेटून तो रात्री बाहेर पडला. मॅन्टुआच्या भोवती तळी आणि दलदल. दिवसा लपायचं, रात्री गुडघाभर चिखलातून चालायचं आणि फ्रेंच गस्त चुकवायची. पकडला गेला असता तर हेर म्हणून गोळी ठरलेली. जानेवारी १७९७ च्या सुरुवातीला तो अल्विन्झीच्या छावणीत पोचला.

उपयोग काहीच झाला नाही. चौदा जानेवारीला रिव्होलीत अल्विन्झी सपाटून हरला आणि फेब्रुवारीत मॅन्टुआ पडलं.

एवढं करूनही बढती का अडली?

कारण त्याचा हुद्दा कायमचा नव्हता. पैसे भरून पलटण काढणाऱ्यांना तात्पुरता हुद्दा मिळे. खालून पायरी-पायरीने चढलेल्यांना असे उपटसुंभ डोळ्यांत खुपत, आणि सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्क नियमावर ठाम होता. माल्टाच्या नाकेबंदीत ग्रॅहमने जमिनीवरच्या फौजेची धुरा सांभाळली, फ्रेंचांना उपाशी पाडलं, आणि १८०० मध्ये शरणागतीची वेळ आली तेव्हा त्याच्या डोक्यावर नवा जनरल आणून बसवला. श्रेय गेलं. तो चिडला, अर्ज करत राहिला, दरवेळी नकार.

हा तिढा सुटला तो ब्रिटिश सेनापती सर जॉन मूरमुळे. १८०८ मध्ये ग्रॅहम मूरचा एडीसी म्हणून स्पेनला गेला. साठीचा माणूस, हिवाळ्यातली ती भयंकर माघार, आणि शेवटी १६ जानेवारी १८०९ ची कोरुन्याची लढाई. तोफगोळ्याने मूरचा खांदा उडाला तेव्हा वैद्य आणायला घोडा फेकत गेला तो ग्रॅहमच. मूरची मरतानाची इच्छा होती म्हणून ड्यूकने अखेर नियम बाजूला ठेवला आणि ग्रॅहमला कायमचा मेजर जनरल केलं. पहिल्यांदा बंदूक उचलून तोवर पंधरा वर्षं उलटली होती.

बरोसाची लढाई एवढी प्रसिद्ध का?

एक तर ती ठरवून झालीच नाही. स्पेनमधल्या कादिझ शहराला फ्रेंचांचा वेढा होता. समुद्रमार्गे फौज उतरवून वेढा घालणाऱ्यांवर पाठीमागून चालून जायचं असा बेत होता. मोहिमेचं नेतृत्व ग्रॅहमने मोठ्या मनाने स्पॅनिश जनरल ला पेन्याकडे दिलं, आणि ते महागात पडलं. ला पेन्याने सैन्याला रात्र रात्र चालवलं. ५ मार्च १८११ च्या सकाळी शिपाई चालून चालून मोडलेले, आणि हुकूम आला की बरोसाची टेकडी सोडून पुढे जा.

ग्रॅहमची माणसं पाइनच्या रानात शिरली असताना बातमी आली की मार्शल व्हिक्टरच्या दोन डिव्हिजन मागून येत आहेत आणि टेकडी त्यांच्या हाती जातेय. रानात रांगा लावायला जागा नव्हती. थांबलं तर तिथेच कापले जाणार. ग्रॅहमने तोंड फिरवलं आणि हल्ला केला.

फौज जमवायला वेळ मिळावा म्हणून त्याने मेजर ब्राउनच्या साडेपाचशेच्या आतबाहेर माणसांना एकटंच टेकडीवर पाठवलं. वर तोफा आणि अख्खी फ्रेंच डिव्हिजन. पहिल्या काही मिनिटांत निम्मे पडले, उरलेले जमिनीला चिकटून गोळ्या झाडत राहिले. हा हुकूम म्हणजे उघड बळी देणं होतं, ग्रॅहमलाही ते ठाऊक होतं. तेवढ्या वेळात गार्ड्सची ब्रिगेड टेकडीच्या दुसऱ्या अंगाने चढली आणि खाली सपाटीवर दुसरी ब्रिगेड फ्रेंचांना भिडली. दीडेक तासात फ्रेंच मागे हटले. ८७ व्या आयरिश पलटणीने फ्रेंचांच्या ८ व्या रेजिमेंटचं गरुडचिन्ह, म्हणजे तिचं मानाचं निशाण, हिसकावलं. त्या युद्धात ब्रिटिशांनी रणांगणावर मिळवलेलं ते पहिलं गरुडचिन्ह. ग्रॅहमची पाचेक हजारांपैकी बाराशेवर माणसं पडली, फ्रेंचांची त्याहून बरीच जास्त.

ला पेन्या जवळच होता. हलला नाही. ग्रॅहमने संतापून सैन्य कादिझला परत नेलं, आणि वेढा पुढच्या वर्षीपर्यंत तसाच राहिला. म्हणजे लढाई जिंकली आणि हाती काही लागलं नाही. स्पॅनिश संसदेने भरपाई म्हणून त्याला ड्यूक करायचं ठरवलं. किताब त्या टेकडीच्या स्थानिक नावावरून, आणि ते नाव होतं डुकराची टेकडी. ग्रॅहमने आदरपूर्वक नकार दिला.

तो कधी हरला का?

हरला, आणि वाईट हरला. मार्च १८१४ मध्ये हॉलंडमधल्या बर्गन-ऑप-झूम किल्ल्यावर त्याने रात्री चार बाजूंनी छापा घातला. माणसं आत शिरली, बराच तटही हाती आला. पण काळोखात तुकड्यांचा एकमेकींशी ताळमेळ तुटला आणि सकाळी फ्रेंचांनी उलट हल्ला करून दोन हजारांवर सैनिक कैद केले.

स्पेनमधल्या सॅन सेबास्टियनचं प्रकरण मात्र जय असूनही काळवंडलेलं आहे. शहर फ्रेंचांच्या ताब्यात होतं. १८१३ च्या जुलैतला पहिला हल्ला फसला. ३१ ऑगस्टला दुसरा. खिंडारात माणसं अडकून मरत होती, तेव्हा ग्रॅहमने आपल्याच सैनिकांच्या डोक्यांवरून तोफा डागायला लावल्या. गोळे काही हातांवरून जाऊन मागच्या तटावर आदळत होते. अशी जोखीम सहसा कुणी घेत नसे, पण ती फळली आणि शहर पडलं. मग ब्रिटिश आणि पोर्तुगीज शिपायांनी लूट, बलात्कार, जाळपोळ केली. शहर मित्रराष्ट्र स्पेनचं होतं! जवळपास सगळं जळालं. एक गल्ली वाचली, तिला आज '३१ ऑगस्ट' असं नाव आहे आणि दरवर्षी त्या रात्री तिथे मेणबत्त्या लावतात. सेनापती ग्रॅहम होता. गौरवपर चरित्रांत ही बाब दोन ओळींत उरकलेली दिसते.

वेलिंग्टनशी त्याचं कसं होतं? आणि भारताशी काही संबंध?

वेलिंग्टन म्हणजे आपल्या ओळखीचा आर्थर वेलस्ली. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारा आणि आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेला. ग्रॅहमपेक्षा तो वीस वर्षांनी लहान, तरी ग्रॅहम बिनतक्रार त्याच्या हाताखाली राहिला आणि १८१३ मध्ये स्पेनमधल्या व्हिटोरियाच्या लढाईत त्याने डावी बाजू सांभाळली.

ग्रॅहम स्वतः भारतात कधी आला नाही, त्याची माणसं आली. बरोसाला ब्राउनच्या तुकडीत आणि सॅन सेबास्टियनच्या फसलेल्या हल्ल्यात आघाडीवर एक तरुण होता, कॉलिन कॅम्पबेल. ग्रॅहमने खलित्यात त्याची तारीफ केली आणि त्याचं नशीब उघडलं. हाच कॅम्पबेल १८५७ मध्ये भारतात सरसेनापती होता, आणि त्या डिसेंबरात कानपूरला तात्या टोपेंना त्यानेच हरवलं. ग्रॅहमची ९० वी पलटणही त्या वर्षी लखनौला होती.

निवृत्तीनंतर तो काय करत होता?

स्वस्थ बसला नाही. किताबासोबत देऊ केलेलं दोन हजार पौंडांचं वार्षिक मानधन त्याने नाकारलं. लढाया संपल्यावर अधिकाऱ्यांना भेटायला जागा हवी म्हणून १८१५ मध्ये लंडनमध्ये युनायटेड सर्व्हिस क्लब काढण्यात त्याचा पुढाकार होता. शर्यतीचे घोडे पाळले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतली, भूल नसण्याच्या काळात. १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडला येणार म्हटल्यावर हे त्र्याण्णव वर्षांचे गृहस्थ स्वित्झर्लंडहून धावतपळत परतले.

वारस कोण? चित्राचं काय झालं?

मूलबाळ नसल्याने किताब त्याच्याबरोबर संपला. मालमत्ता रॉबर्ट ग्रॅहम या चुलत नातलगाकडे गेली. पन्नासेक वर्षं बंदिस्त पडलेलं गेन्झबरोचं चित्र त्यानेच उजेडात आणलं. १८५९ मध्ये ते एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहाला मिळालं, स्कॉटलंडबाहेर न्यायचं नाही या अटीवर. पाहायचं तर एडिंबरोलाच जावं लागतं.

ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीचा याच्याशी संबंध आहे का?

आहे. ॲडलेड शहराची आखणी करणारा कर्नल विल्यम लाइट स्पेनच्या युद्धात लढलेला. १८३७ मध्ये त्याने तिथल्या डोंगररांगेला ग्रॅहमच्या विजयावरून नाव दिलं, आणि जवळच्या खोऱ्याला लिनडॉक. ॲडलेडकडची मराठी मंडळी शनिवार-रविवारी वाईन चाखायला बरोसाकडे निघाली की शहराच्या बाजूने लागणाऱ्या पहिल्या गावांपैकी एक हे लिनडॉकच.

स्कॉटलंडमध्ये त्याच्या खुणा कुठे सापडतात?

मेथवेनच्या समाधीत दोघं शेजारी आहेत. लिनडॉकच्या जमिनीवर आमंडच्या काठी आणखी एक कबर आहे, बेसी बेल आणि मेरी ग्रे या मैत्रिणींची. १६४५ च्या प्लेगात दोघी गेल्या असं मानतात. तिच्याभोवतीचं लोखंडी कुंपण ग्रॅहमने घातलं. आमंडचा काठ पावसात भलताच निसरडा होतो, त्यामुळे जाणाऱ्यांनी बूट चांगले घालावेत.